वशीकरण: एका व्हिडिओ गेमचा शेवट आणि त्याचे भाष्यकार

६ मार्च २०१२ रोजी ‘मास इफेक्ट ३’ हा विज्ञानकथात्मक व्हिडिओ गेम उत्तर अमेरिकेत विक्रीस आला, आणि तो तडीस नेणाऱ्या असंख्य खेळाडूंनी त्याच्या अखेरच्या काही मिनिटांवर असा संताप व्यक्त केला की या व्यवसायात त्याला तोड सापडणे कठीण. त्या संतापाची हकीकत पुष्कळ ठिकाणी सांगितली गेली आहे. त्याच्याच पाठोपाठ जन्मलेल्या एका विलक्षण भाष्याकडे मात्र अभ्यासकांचे म्हणावे तितके लक्ष गेलेले नाही, आणि प्रस्तुत लेखाचा विषय ते भाष्य हाच आहे. दिसतो तो शेवट हा नायकाच्या मनात शत्रूने उभा केलेला भास आहे आणि ज्याने खेळ नीट वाचला त्यालाच तो भास ओळखता येतो, असे या भाष्याचे प्रतिपादन आहे. चाहत्यांच्या परिभाषेत ‘थिअरी’ म्हणजे कलाकृतीत उघडपणे न सांगितलेले, पण तिच्यातल्या खुणांवरून जुळवून काढलेले कथानक. या विशिष्ट थिअरीला ‘इंडॉक्ट्रिनेशन थिअरी’ असे नाव पडले, आणि येथे तिचा उल्लेख वशीकरण-सिद्धांत असा केला आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देणे आवश्यक आहे. कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या कंपनीने ही मालिका तीन भागांत रचली: पहिला भाग २००७ च्या नोव्हेंबरात आला, दुसरा २०१० च्या जानेवारीत आणि तिसरा वर सांगितल्याप्रमाणे २०१२ मध्ये. कथा बाविसाव्या शतकातली आहे. रीपर नावाची प्रचंड आणि सचेतन यंत्रे दर पन्नास हजार वर्षांनी आकाशगंगेत अवतरतात, प्रगत झालेल्या सर्व जीवजाती कापून नेतात आणि पुन्हा अंधारात निघून जातात. कमांडर शेपर्ड हा मानवी सैनिक त्यांना रोखण्यासाठी झटतो. शेपर्ड पुरुष असावा की स्त्री हे खेळाडूच ठरवतो (येथे केवळ सोयीसाठी पुल्लिंगी रूप योजले आहे), आणि तो कोणाशी काय बोलेल, कोणाला वाचवेल, कोणाला मरू देईल याचे निर्णयही खेळाडूच घेतो. हे निर्णय एका भागातून दुसऱ्या भागात जसेच्या तसे नेता येतात. त्यामुळे पाच वर्षे आणि शंभराहून अधिक तास खेळलेल्या माणसाला शेपर्ड हे दुसऱ्याचे पात्र वाटेनासे होते, आणि त्याचे जे होईल ते आपले झाले असे वाटू लागते. सिद्धांताची भावनिक ताकद या आपलेपणात आहे.

रीपर केवळ शस्त्राने जिंकत नाहीत. त्यांच्या सान्निध्यात राहणाऱ्याचे मन हळूहळू त्यांच्या कह्यात जाते, आणि यालाच कथेत इंडॉक्ट्रिनेशन म्हटले आहे. खेळातच ‘कोडेक्स’ नावाचा एक कोश दिलेला असतो, त्यातील नोंद या बाबतीत जवळजवळ वैद्यकीय अहवालासारखी आहे: कानाला न जाणवणारे ध्वनी आणि विद्युतचुंबकीय क्षेत्रे मेंदूवर परिणाम करतात, आधी डोके दुखते, कानात गुणगुण सुरू होते, कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे असे वाटते, धूसर आकृत्या दिसतात, शेवटी मनात परके आवाज उमटू लागतात. घाईने वश केलेला माणूस लवकरच निकामी होतो, सावकाश वश केलेला मात्र वर्षानुवर्षे उपयोगी पडतो आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. दुसऱ्या भागात एक प्रसंग आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या एका रीपरच्या सांगाड्यात काही शास्त्रज्ञ संशोधन करत होते, आणि त्यांच्या मागे उरलेल्या चित्रफितीत दोन माणसे पत्नीविषयीची एकच आठवण आपली म्हणून सांगतात व कोणाची बायको नेमकी ती, यावरून गोंधळात पडतात. मेलेले यंत्रही मनात शिरते, हे दाखवायला याहून भेदक प्रसंग रचता आला नसता. विज्ञानकथेच्या गर्दीत हा एक छोटा तुकडा लक्षात राहण्याजोगा उतरला आहे.

आता तिसऱ्या भागाचा शेवट. लंडनच्या भग्न रस्त्यांवरून शेपर्ड एका प्रकाशझोताकडे धावतो, कारण तो झोत आकाशातल्या सिटाडेल या स्थानकात पोहोचवणारा आहे. हार्बिंजर नावाचा रीपर त्याच्यावर थेट मारा करतो. पडदा पांढरा होतो. नंतर जळालेल्या चिलखतात, रक्ताळलेला शेपर्ड कसाबसा उठतो आणि लंगडत झोतात शिरतो. वर स्थानकात त्याचा जुना वरिष्ठ अँडरसन भेटतो, आणि रीपरांना ताब्यात घेण्याच्या ध्यासाने पछाडलेला इल्युसिव्ह मॅनही भेटतो, जो सर्बेरस या गुप्त संघटनेचा प्रमुख आहे. इल्युसिव्ह मॅन शेपर्डच्या शरीरावर ताबा मिळवून त्याच्याच हाताने अँडरसनवर गोळी झाडवतो. हे सगळे आटोपल्यावर शेपर्डला आणखी वर नेले जाते, आणि तेथे कॅटॅलिस्ट नावाची एक प्रज्ञा लहान मुलाच्या रूपात प्रकटते. रीपर आपणच निर्माण केले असे सांगून ती तीन वाटा पुढे ठेवते. रीपरांचा नाश करायचा, पण त्यासोबत सर्व कृत्रिम जीवही मरतील; किंवा रीपरांवर नियंत्रण मिळवायचे; किंवा जीव आणि यंत्र यांचा कायमचा संयोग घडवायचा. मूळ आवृत्तीत या तीन निवडींनंतरची दृश्ये बहुतांशी सारखीच होती, फरक मुख्यतः स्फोटाच्या रंगात होता: लाल, निळा, हिरवा. शेवट असा अ, ब किंवा क अशा पर्यायांतून निवडण्याचा नसेल, असे दिग्दर्शक केसी हडसन यांनी प्रकाशनापूर्वी मुलाखतीत सांगितलेले असल्यामुळे जखमेवर मीठ चोळल्यासारखे झाले.

वशीकरण-सिद्धांत या प्रसंगात शिरतो तो पांढऱ्या पडद्याच्या क्षणी. त्याच्या मते हार्बिंजरच्या माऱ्यानंतर शेपर्ड लंडनमध्येच बेशुद्ध पडलेला आहे, आणि पुढचे सगळे त्याच्या मनावर कब्जा मिळवण्यासाठी रीपरांनी रचलेले आहे. पुरावे म्हणून ज्या खुणा दिल्या जातात त्या संख्येने पुष्कळ आहेत. उठल्यानंतर शेपर्डच्या पिस्तुलातल्या गोळ्या संपत नाहीत. बिनतारी संदेशात झोतापर्यंत कोणीच पोहोचले नाही असे ऐकू येते. अँडरसन मागोमाग आलो म्हणतो आणि पोहोचलेला असतो पुढे. अँडरसनला जेथे गोळी लागते तेथेच नंतर शेपर्डला रक्त लागलेले दिसते. इल्युसिव्ह मॅन बोलत असताना पडद्याच्या कडांवर काळपट, तेलकट सावल्या सरकतात, आणि वशीकरणाचा अनुभव सांगताना मालिकेतल्या एका पात्राने अशाच सावल्यांची उपमा वापरलेली आहे. शिवाय २०११ च्या ‘अरायव्हल’ या जोडभागात शेपर्ड एका रीपर-वस्तूच्या शेजारी जवळजवळ दोन दिवस बेशुद्ध पडून होता आणि तेथील शास्त्रज्ञांची सगळी तुकडी आधीच वश झालेली होती. तेव्हा संसर्गाची संधी कथेनेच दिली होती, हे मान्य करावे लागते.

या खुणांमध्ये लहान मुलाची खूण सर्वांत रंजक आहे. तिसऱ्या भागाच्या प्रारंभी व्हॅंकूव्हरवर रीपरांचा हल्ला होतो, त्या वेळी एका हवाझडपेच्या पोकळीत लपलेला मुलगा शेपर्डला दिसतो. शेपर्ड हात पुढे करतो, तर मुलगा म्हणतो की तुम्ही मला मदत करू शकणार नाही. अँडरसन हाक मारतो, शेपर्ड मान वळवतो, आणि पुन्हा पाहतो तो पोकळी रिकामी. थोड्या वेळाने तोच मुलगा गर्दीतून वाट काढत एका विमानात चढताना दिसतो, पण आजूबाजूच्या एकाही माणसाचे लक्ष त्याच्याकडे जात नाही, कोणी त्याला हात देऊन वर घेत नाही. विमान उडते आणि रीपर ते जाळून टाकतो. पुढे तीनदा शेपर्डला स्वप्न पडते: निष्पर्ण झाडांचे रान, पाय जड झालेले, मृत सहकाऱ्यांची कुजबुज आणि पुढे पळणारा तो मुलगा, तिसऱ्या स्वप्नात मुलाला मिठी मारून जळत असलेला दुसरा शेपर्डच समोर उभा राहतो. आणि शेवटी कॅटॅलिस्ट येतो तो याच मुलाचे रूप घेऊन. हा मुलगा कधी नव्हताच, असे सिद्धांतवादी म्हणतात, आणि त्या विमानाजवळचे दृश्य पुन्हा पाहताना त्यांचे म्हणणे पटकन झटकून टाकता येत नाही.

तरीही पिस्तूल, सावल्या, जखम यांपेक्षा सिद्धांताचा खरा आधार वेगळा आहे आणि तो तर्काचा आहे. पहिल्या भागातला प्रतिनायक सारेन हा रीपरांचा हस्तक बनला तो भीतीने किंवा लोभाने नव्हे. शरण गेल्याने जीवजाती तरतील, देह आणि यंत्र यांचा संयोग झाला तर दोहोंचे बळ एकत्र येईल, असे तो प्रामाणिकपणे मानत होता. आपण अजून आपल्याच ताब्यात आहोत हेही तो ठामपणे सांगत होता, आणि ते खोटे होते. तिसऱ्या भागात इल्युसिव्ह मॅनची खात्री अशी की रीपरांवर नियंत्रण मिळवणे शक्य आहे. तोही वश झालेला निघतो. म्हणजे कॅटॅलिस्ट ज्या तीन वाटा दाखवतो त्यांतली संयोगाची वाट सारेनची आणि नियंत्रणाची वाट इल्युसिव्ह मॅनची, आणि ही दोन्ही माणसे फसलेली होती हे खेळाने स्वतःच पूर्वी सिद्ध केलेले आहे. उरतो तो नाश, जे शेपर्डचे पहिल्या दिवसापासूनचे उद्दिष्ट होते. आता रंग पाहावेत. सबंध मालिकेत सौजन्याच्या वाटेचा रंग निळा आणि दांडगाईच्या वाटेचा लाल. अखेरीस मात्र नियंत्रण निळ्या रंगात आणि नाश लाल रंगात रंगवलेला आहे, अँडरसन लाल वाटेवर दाखवला आहे आणि इल्युसिव्ह मॅन निळ्या. पाच वर्षे निळ्याला चांगले समजण्याची सवय लागलेला खेळाडू हात आपोआप कोठे नेईल हे सांगायला नको. आणि तीनही वाटांपैकी केवळ नाशाची वाट निवडल्यास, तीही युद्धाची तयारी पुरेशी भक्कम असल्यास, अगदी शेवटी काँक्रीटच्या ढिगाऱ्यात पडलेले एक धड दिसते आणि ते श्वास घेते. कॅटॅलिस्टने तर बजावले होते की शेपर्डच्याही शरीरात यंत्र आहे, म्हणजे या वाटेवर तोही मरायला हवा होता.

येथे सिद्धांत एका अशा जागी पोहोचतो जेथे कादंबरी किंवा चित्रपट पोहोचू शकत नाही. वशीकरणाचे लक्ष्य शेपर्ड नसून खेळाडूच आहे, असे त्याचे सर्वांत धीट रूप सांगते: कॅटॅलिस्टचे म्हणणे पटले म्हणून ज्याने निळी किंवा हिरवी वाट धरली, तो माणूस आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या सारेन झाला. वाचकाला मोहात पाडून मग त्याच मोहाबद्दल जाब विचारणारी कलाकृती ही अपूर्व कल्पना नव्हे. व्हिडिओ गेममध्ये तिची परंपरा त्या वेळी तयार होती. २००७ च्या ‘बायोशॉक’मध्ये खेळाडूला ज्या नम्र विनंत्या केल्या जातात त्या प्रत्यक्षात आज्ञा होत्या हे खूप उशिरा उघड होते. त्याहून महत्त्वाचे असे की २००३ मध्ये खुद्द बायोवेअरने ‘स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ हा खेळ केला होता, ज्यात खेळाडूचे पात्र म्हणजेच स्मृती पुसून टाकलेला खलनायक असल्याचे रहस्य उलगडते. त्या खेळाचे दिग्दर्शन हडसन यांचेच होते आणि प्रमुख लेखक ड्रू कार्पिशिन होते, जे पुढे ‘मास इफेक्ट’च्या पहिल्या भागाचेही प्रमुख लेखक झाले. तेव्हा या निर्मात्यांनी एकदा फसवले आहे, ते पुन्हा फसवतील, ही अपेक्षा भाबडी म्हणता येणार नाही. ती पूर्वानुभवावर उभी होती.

ग्रंथाचा अभिप्रेत अर्थ कसा ठरवावा या प्रश्नावर भारतीय परंपरेने फार पूर्वी विचार केला आहे, आणि त्यातली एक कसोटी येथे लावून पाहण्याजोगी आहे. मीमांसकांनी तात्पर्यनिर्णयाची सहा गमके सांगितली: ग्रंथाचा आरंभ आणि शेवट यांचा मेळ, पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट, दुसरीकडे न मिळणारी नवी गोष्ट, फळ, अर्थवाद आणि उपपत्ती. मराठी वाचकाला ही गमके लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’मुळे परिचित आहेत; सांप्रदायिक टीकाकारांनी गीतेवर आपापली मते लादली, असा आक्षेप घेऊन टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात याच कसोटीचा आधार घेतला. धर्मग्रंथासाठी घडवलेले माप खेळाला लावणे काहींना अतिप्रसंग वाटेल. पण चाहत्यांचे भाष्य आणि टीकाकारांचे भाष्य यांच्यात पद्धतीचा फरक मुळात फारसा नसतो. दोघेही संहितेला पवित्र मानतात आणि तिच्यातले एकही अक्षर वाया जाऊ देत नाहीत.

पहिल्या दोन गमकांवर वशीकरण-सिद्धांत आश्चर्यकारकपणे उतरतो. आरंभी मुलगा, अखेरीही मुलगा. मध्ये स्वप्नांची त्रिवार आवृत्ती. तिसऱ्या भागापुरते बोलायचे तर दिसणे आणि असणे यांतले अंतर हा सूर इतका सातत्याने लागलेला आहे की तो निर्हेतुक असेल असे म्हणणे लेखकांवर अन्याय करणारे होईल. फळाच्या गमकाशी अडचण सुरू होते. श्वासाचे दृश्य नाशाच्या वाटेवर मिळते आणि त्यासाठीची अट सर्वांत कठीण आहे, हे सिद्धांताच्या बाजूचे. पण संयोगाची वाटही तयारी कमी असल्यास मुळी उपलब्धच होत नाही, म्हणजे रचनाकारांच्या हिशोबात तीदेखील कष्टाने मिळवायचे बक्षीस होती. शत्रूचा सापळा अधिक मेहनत केलेल्या खेळाडूपुढेच का मांडला जावा, याचे समाधानकारक उत्तर सिद्धांतवाद्यांकडे नाही.

खरी गफलत अर्थवादाच्या बाबतीत झाली आहे. अर्थवाद म्हणजे मूळ विधानाला शोभा किंवा जोर आणण्यासाठी आलेला मजकूर, जो शब्दशः घ्यायचा नसतो. प्रत्येक माध्यमात असा मजकूर असतो, आणि व्हिडिओ गेममध्ये तर तो ढिगांनी असतो, कारण खेळ चालता ठेवण्यासाठी रचनाकारांना अनेक सोयी कराव्या लागतात. जखमी नायक लंगडत चालला असताना त्याच्या गोळ्या संपल्या तर नाट्यच कोसळेल, म्हणून गोळ्या अमर्याद ठेवल्या जातात. स्वप्नातली झुडपे लंडनच्या रस्त्यावर दिसतात, कारण एकदा तयार केलेले झुडूप कलाकार पुन्हा वापरतो. गर्दीतले लोक मुलाकडे पाहत नाहीत, कारण गर्दीतल्या पुतळ्यांना पाहण्याची क्रिया नेमून दिलेली नसते. सबंध मालिकेत अशी न पाहणारी गर्दी शेकडो ठिकाणी आहे आणि तेथे कोणी वशीकरणाचा संशय घेतला नाही. सोयीला संकेत मानले की प्रत्येक उणीव पुरावा होते, आणि मग कलाकृती जितकी सदोष तितका सिद्धांत बळकट, अशी विचित्र स्थिती येते. चांगल्या खेळाविषयी असा सिद्धांत रचणे त्यामुळेच अवघड असते.

राहिली उपपत्ती, म्हणजे युक्तिवादाची सुसंगती. पांढऱ्या पडद्यानंतर सगळा भास असेल तर लंडन अजून जळत आहे, रीपर अजून आकाशात आहेत, युद्ध अनिर्णित आहे आणि शंभर तासांची कथा शेवटाविनाच थांबली आहे. सिद्धांतवाद्यांना हे कळत होते, म्हणूनच खरा शेवट पुढे एखाद्या जोडभागातून येईल अशी त्यांची अपेक्षा होती. २६ जून २०१२ रोजी बायोवेअरने ‘एक्स्टेंडेड कट’ हा विस्तारित शेवट विनामूल्य दिला, पण त्यात भासाचा पडदा उठवला गेला नाही. उलट प्रत्येक निवडीनंतर जगाचे काय झाले याचे निवेदन जोडले गेले. नाशानंतर ॲडमिरल हॅकेट बोलतो, संयोगानंतर ईडी ही यंत्रप्रज्ञा, नियंत्रणानंतर यंत्रांत विलीन झालेला शेपर्ड. तीनही वाटा नाकारण्याची चौथी सोयही त्यात ठेवली होती, आणि ती निवडल्यास कॅटॅलिस्टचा आवाज एकाएकी घोगरा होतो. तो हार्बिंजरचाच आवाज, असे म्हणून सिद्धांतवाद्यांनी तेही आपल्या खात्यात जमा केले. त्यानंतर ऑगस्टमध्ये आलेल्या ‘लेव्हायथन’ या जोडभागाने मात्र सिद्धांताला जबर धक्का दिला, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तितकी झालेली नाही. त्यातले लेव्हायथन हे प्राचीन जीव रीपरांच्या उत्पत्तीची हकीकत शेपर्डला सांगतात, आणि ती कॅटॅलिस्टच्या हकीकतीशी जुळते. ही भेट लंडनच्या आधीची आहे, भासाच्या हद्दीबाहेरची. कॅटॅलिस्टने दिलेल्या वाटा प्रामाणिक होत्या असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु कॅटॅलिस्ट हा केवळ बेशुद्ध मनाचा खेळ होता, हे म्हणणे त्यानंतर टिकत नाही.

निर्मात्यांचा हेतू काय होता, हा प्रश्न साहित्यविचारात आता मागे पडला असला तरी येथे त्याचे उत्तर उपलब्ध आहे आणि ते अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचे आहे. पत्रकार जेफ कीली यांनी खेळाच्या निर्मितीवर सिद्ध केलेल्या ‘द फायनल अवर्स ऑफ मास इफेक्ट ३’ या डिजिटल प्रकाशनातून समजते की शेवटच्या टप्प्यात खेळाडूचा शेपर्डच्या हालचालींवरचा ताबा एकाएकी सुटावा आणि शेपर्ड पूर्णपणे रीपरांच्या कह्यात जावा, असा एक प्रसंग २०११ च्या नोव्हेंबरपर्यंत अजमावला जात होता. संवादातल्या निवडींशी तो बसवणे जमेना म्हणून तो गाळला गेला. म्हणजे चाहत्यांनी जे हुंगले ते अगदीच हवेतले नव्हते. गाळलेल्या प्रसंगाचा वास उरलेल्या दृश्यांना येत होता. मूळ २०११ च्या अखेरीस यायचा खेळ आधीच मार्चपर्यंत लांबलेला होता, पहिल्या भागाचे लेखक कार्पिशिन दुसऱ्या प्रकल्पावर गेलेले होते, आणि लोकांनी शेवटाविषयी भरपूर तर्क करावेत अशा अर्थाची नोंद लेखनाच्या टिपणांत होती. ती इच्छा मात्र कल्पनेपलीकडे पुरी झाली. पुढे २०२१ मध्ये तिसऱ्या भागाच्या लेखकांपैकी क्रिस हेप्लर यांनी, ज्यांच्याकडे कोडेक्सच्या नोंदींचे काम होते, सिद्धांत रोचक असल्याचे मान्य करूनही तो सर्वस्वी चाहत्यांची निर्मिती असल्याचे स्पष्टपणे सांगितले.

हेन्री जेम्स यांच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या १८९८ च्या कथेबाबत असाच वाद झाला होता. १९३४ मध्ये एडमंड विल्सन यांनी मांडले की त्या कथेतली भुते खरी नाहीत, ती निवेदिका असलेल्या शिक्षिकेच्या मनाची निर्मिती आहेत. आणि हे मत मान्य असो वा अमान्य, त्यानंतर ती कथा पूर्वीसारखी वाचणे कोणाला शक्य झाले नाही. दोन्ही भाष्यांची युक्ती एकच आहे, पण जेम्स यांच्या कथेत दोन्ही वाचने शेवटच्या ओळीपर्यंत तुल्यबळ राहतात, कारण लेखकाने प्रत्येक वाक्य दोन्हीकडे तोललेले आहे. ‘मास इफेक्ट ३’मध्ये तसा तोल नाही. तेथे एका बाजूला बारकाईने रचलेले वशीकरणाचे शास्त्र आहे आणि दुसऱ्या बाजूला घाईत उरकलेला शेवट, आणि भाष्यकारांनी पहिल्याच्या बळावर दुसरा सावरून धरला.

चाहत्यांच्या निषेधाचेही एक रूप नोंदवण्यासारखे आहे. काहींनी वर्गणी काढून बायोवेअरच्या कार्यालयात चारशे दोन कपकेक पाठवले. त्यांवर लाल, निळ्या आणि हिरव्या रंगाची साखर होती आणि आतली चव मात्र सगळ्यांची एकच. कंपनीने ते एडमंटनमधल्या एका युवा निवाऱ्याला देऊन टाकले. समीक्षेच्या इतिहासात इतके मार्मिक आणि खाण्याजोगे परीक्षण दुसरे नसावे. ज्यांना शेवट पटला नाही त्यांच्यापुढे दोन मार्ग होते, एक हा आणि दुसरा वशीकरण-सिद्धांताचा. कपकेक पाठवणाऱ्यांनी शेवट फसला असे म्हटले. सिद्धांतवाद्यांनी तो फसला हे मान्य करण्याऐवजी स्वतःच जागून, दृश्यामागून दृश्य थांबवून, नवा शेवट वाचून काढला. पहिल्यांचे निदान अधिक बरोबर होते. पण मूळ मालिकेतली सर्वांत चांगली कल्पना कोणती, हे दुसऱ्यांना तिच्या निर्मात्यांपेक्षाही नेमके उमगले होते, आणि सारेनच्या युक्तिवादाचे कॅटॅलिस्टच्या प्रस्तावाशी त्यांनी दाखवलेले नाते ही या मालिकेवरच्या समीक्षेतली टिकाऊ भर आहे, मग सिद्धांत बाकी सगळा टाकून द्यावा लागला तरी चालेल.

तीनही भागांची सुधारित ‘लेजंडरी एडिशन’ १४ मे २०२१ रोजी प्रसिद्ध झाली आणि विस्तारित शेवट तिच्यात अंगभूतच आहे. ज्या वाचकाला हा वाद स्वतः पारखायचा असेल त्याने तिसऱ्या भागापासून प्रारंभ करू नये. पहिला भाग जुना वाटतो, त्यातली वाहने वैताग आणतात, तरी तो पूर्ण खेळावा; व्हर्मायर या ग्रहावर सारेन जे बोलतो ते लक्षपूर्वक ऐकावे, आणि कोडेक्समधली वशीकरणाची नोंद शेवटाकडे जाण्यापूर्वी एकदा वाचून घ्यावी.